मूळ की उतरवलेलं

संगीतशाळेत तिला तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'चाळणी'. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते आवडतही होतं. घरात ती थोरली. पाठची बहीण एकच, ती धाकटी.

थोरली क्लॅरिनेट शिकवायची. पण तिचं खरं साम्राज्य म्हणजे शाळेच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट. त्यात क्लॅरिनेटच्या सगळ्या रचनांच्या प्रती तीन फळ्यांवर लावलेल्या होत्या. वरच्या फळीवर मूळ, म्हणजे क्लॅरिनेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या. मधल्या फळीवर उतरवलेल्या, म्हणजे दुसऱ्या वाद्यासाठी लिहिलेल्या आणि स्वर न बदलता क्लॅरिनेटच्या हाती दिलेल्या. खालच्या फळीवर बेतलेल्या, म्हणजे कुठूनतरी गाणं घेऊन, कापून, शिवून क्लॅरिनेटच्या अंगाला बसवलेल्या. क्लॅरिनेट हे वाद्यांच्या घरातलं उशिराचं लेकरू. उशिराच्या लेकराला थोरल्या भावंडांचे कपडे मिळायचेच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, थोरली म्हणायची. फक्त दादाचा सदरा घालून 'नवा शिवलाय' असं सांगत फिरू नये.

सांगत फिरणारे पुष्कळ होते. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत एक तरी मूळ रचना वाजवावी लागे, त्यामुळे प्रत्येक प्रतीवर 'मूळ', 'उतरवलेलं' किंवा 'बेतलेलं' असा शिक्का लागायचा. ते तिन्ही शिक्के थोरलीच्या पर्समध्ये असत.

"हे कळतं कसं हो, बाई?" विद्यार्थी विचारत.

"पाहुणा कळतो तसा," ती म्हणायची. "घरचा माणूस अंधारातही पाण्याचा पेला उचलतो. पाहुणा दिवा शोधतो."

मग ती समजावून सांगायची. क्लॅरिनेटच्या आवाजाला मजले असतात. तळमजला काळोखा आणि उबदार. वरचा मजला लख्ख. आणि मध्ये जिना. त्या जिन्यातले स्वर पोकळ, सर्दी झाल्यासारखे. क्लॅरिनेट ओळखणारा माणूस जिन्यात रेंगाळत नाही. चढतो किंवा उतरतो. तळमजल्यावर मात्र तो पुन्हापुन्हा जातो, कारण तसा तळमजला दुसऱ्या कोणाकडे नाही. व्हायोलिनची सगळ्यात जाड तार जिथे थांबते, त्याच्याही खाली क्लॅरिनेटला काही पायऱ्या आहेत. एखादी रचना त्या पायऱ्यांवर एकदाही पाय ठेवत नसेल, तर समजावं की लिहिणाऱ्याला त्या माहीतच नव्हत्या. आणि श्वास. व्हायोलिनवर गज ओढणाऱ्याला श्वास घ्यायला थांबावं लागत नाही. फुंकणाऱ्याला लागतं.

तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणायचा, "मी लोकांना बघायला लावतो आणि तू ऐकायला. दोघांच्याही वाट्याला शिव्याच."

शाळेचे प्रमुख होते सर. सर म्हणजे धाकटीचा नवरा. उंच, मऊ आवाजाचा, कधीही न चिडणारा माणूस. क्लॅरिनेट फार छान वाजवायचा. धाकटी लग्नाआधी व्हायोलिन वाजवायची, आणि तीही छानच. पण लग्नानंतर काही वर्षांनी ती आजारी पडली. आवाज सहन होत नाहीत, घेरी येते, डॉक्टरांनी माणसांच्या भेटीसुद्धा कमी करायला सांगितल्या आहेत, असं सर सांगायचे. सुरुवातीला थोरली जायची. धाकटी खुर्चीत बसलेली असायची, सर शेजारी उभे असायचे, आणि बोलणं सगळं सरच करायचे. शेवटच्या भेटीत सर चहा आणायला आत गेले, तेव्हा धाकटी एकच वाक्य बोलली होती: "ताई, तू येत जाऊ नकोस." थोरलीला ते वाक्य काट्यासारखं रुतलं. नको तर नको! ती पुन्हा गेली नाही. सख्ख्या बहिणी अशा रुसतात की एकमेकींच्या गल्लीतून जायचं झालं तरी लांबचा रस्ता धरतात, तसं झालं.

आई थोरलीकडे राहायची आणि धाकट्या जावयाचे गोडवे गायची. फोन केला की जावईच उचलायचा. "आत्ताच झोपलीय, आई. उठली की सांगतो." उठल्यावर फोन कधी आला नाही, तरी आई म्हणायची, "लाखात एक आहे हो. दुसऱ्या कोणी आजारी बायकोला माहेरी आणून टाकली असती."

"टाकली असती तर बरं झालं असतं," थोरलीचा नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"तुम्ही काचा पुसा, जावईबापू."

त्या वर्षी सरांनी जाहीर केलं की ते क्लॅरिनेटसाठी मूळ रचनांचा संग्रह काढणार. स्वतःच्या रचनांचा. एक एक रचना समितीसमोर येईल, शिक्का लागेल, मग छापायला जाईल. समितीत सर स्वतः, थोरली, आणि पियानो शिकवणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सगळे पियानोवाले म्हणत.

पहिली रचना सरांनी स्वतःच वाजवून दाखवली. सुंदर होती. पियानोवाल्यांनी डोळे मिटून घेतले. ती संपली तेव्हा थोरली हसत होती. आपल्याला एखादी गोष्ट पकडता आली की माणूस हसतो, तसं.

"सर, चीज छान आहे. पण ही क्लॅरिनेटची नाही."

"नाही?"

"व्हायोलिनची आहे. अहो, वरची तार चक्क ऐकू येतेय! त्या उड्या बघा. बोटं नुसती एका तारेवरून दुसऱ्या तारेवर सरकवली की होतं ते. क्लॅरिनेटवर तेच करायला तुम्हाला केवढी कसरत करावी लागली. आणि तळमजल्यावर एकदाही गेला नाहीत तुम्ही."

पियानोवाले खो खो हसले. "चाळणीतून सुटका नाही हो, सर."

सरही हसले. "म्हणजे वरच्या तारेमुळे कळलं?"

"मुख्य म्हणजे तिच्यामुळेच."

"असं," सर म्हणाले, आणि त्यांनी कागद गोळा केले. "माझ्या डोक्यात अजून हिचं व्हायोलिन बसलंय, ताई. जुनी सवय. काढून टाकायला हवी."

थोरलीला वाटलं, किती मोठ्या मनाने घेतलं यांनी. घरी येऊन तिने नवऱ्याला हे सांगितलं. आई म्हणाली, "चारचौघांत बोलायची काय गरज होती? घरचा माणूस आहे."

दुसरी रचना महिन्याभराने आली. या वेळी सरांनी प्रत तिच्या हातात दिली. "तुम्हीच वाजवून बघा, ताई. तुमची भीती वाटायला लागलीय मला."

तिने मागच्या खोलीत बसून वाजवली. बाहेर ऊन होतं, कोणीतरी व्हरांडा झाडत होतं. सूर हळूहळू वर चढत जायचा आणि एका ठिकाणी आला की मागे वळायचा. पुन्हा चढायचा, पुन्हा तिथेच वळायचा. त्याच्या वर जागा नव्हती असं नाही. क्लॅरिनेटला तर तिथून पुढे अख्खा लख्ख मजला मोकळा होता. पण सूर तिथे येऊन असा थबकायचा, जसा एखादा माणूस रोजच्या सवयीने दार ढकलायला हात पुढे करतो आणि तिथे आता भिंत आहे हे आठवून हात मागे घेतो.

हेही व्हायोलिनच होतं. फक्त वरची तार नव्हती.

आणि मग तिच्या आणखी काही लक्षात आलं. प्रत्येक ओळीच्या आधी एक बारीकसा खालचा स्वर होता. नुसता टेकवलेला. लहानपणी दोघी एकाच खोलीत रियाज करायच्या. धाकटीला खोड होती, ओळ सुरू करण्याआधी गज रिकाम्या तारेवर एकदा टेकवायची. वडील म्हणायचे, "ही पोर खाकरल्याशिवाय बोलतच नाही!" किती मारून मुटकूनही ती खोड गेली नव्हती.

थोरलीने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

तिने सरांना व्हरांड्यात गाठलं. "धाकटी वाजवते का हो हल्ली?"

"छे!" सर म्हणाले. "व्हायोलिन माळ्यावर टाकून कितीतरी वर्षं झाली. गजाचा आवाज ऐकला तरी तिचं डोकं फिरतं. का हो?"

"सहज."

हा माणूस आपल्या तोंडावर खोटं बोलतो आहे, हे तिला कळलं. पण कळणं आणि त्याचं काय करायचं हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी. तिला वाटलं, बायकोची रचना स्वतःच्या नावावर खपवतोय, एवढंच. एवढंच म्हणजे कमी नव्हे, पण असे नवरे जगात पैशाला पासरी. तिला राग आला. आणि रागात ती ते बोलली, जे तिने जन्मात बोलायला नको होतं. समितीच्या बैठकीत, पियानोवाल्यांच्या देखत, सरांच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली,

"हेही व्हायोलिनच आहे, सर. आधी चार तारा होत्या, आता तीन आहेत. एक काढून व्हायोलिनचं क्लॅरिनेट होत नाही. उरलेल्यांतली वरची तार अजून ऐकू येतेच आहे."

तिला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता. तो पडला नाही. सरांनी मान हलवली, खिशातून पेन्सिल काढली, आणि प्रतीच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक टिपलं. डॉक्टर टिपतो तसं.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "बघतो काय करता येतं ते."

तिसरी रचना उशिरा आली. सर म्हणाले, "या खेपेला खूप मेहनत घेतलीय." प्रत त्यांनी तिला घरी वाचायला दिली आणि शिक्का मारून पुढच्या बैठकीला आणायला सांगितली.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तिने ती नुसती डोळ्यांनी वाचली. वाजवायची गरज पडली नाही. आता ओळींमध्ये श्वासाच्या जागा होत्या. पण त्या सुताराने पट्टी धरून पाडलेल्या खाचांसारख्या, सारख्या अंतरावर, अर्थ तुटला तरी तिथेच. शेवटी तळमजल्यावरचे चारदोन स्वर होते, ठिगळासारखे चिकटवलेले. हे दोन्ही तिनेच शिकवलं होतं. आणि या दोन्हींच्या मध्ये जे होतं, ते पूर्णच्या पूर्ण जिन्यात होतं. त्या पोकळ, सर्दी झालेल्या स्वरांत. तिथल्या तिथे फिरणारं, घुटमळणारं. क्लॅरिनेट वाजवणारा कोणीही शहाणा माणूस आपल्या हाताने तिथे राहायला गेला नसता. पण खालच्या दोनच तारा हाती असलेल्या बाईला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

प्रत्येक ओळीआधी ते खाकरणं होतंच. फक्त आता ते हळू झालं होतं.

"अहो," तिने हाक मारली. नवरा दाढी करत होता, तसाच साबण लावलेल्या तोंडाने आला. "तारा तुटत नाहीयेत. तो काढतोय."

"कोण?"

"मी म्हणाले वरची तार ऐकू येते. त्याने काढली. मी म्हणाले अजून ऐकू येते. त्याने पुढची काढली." तिने प्रत त्याच्यापुढे सरकवली. "मी इथून बोलते आणि तिथे तिची तार निघते."

नवऱ्याने टॉवेलने तोंड पुसलं. अर्धी दाढी तशीच. तो खुर्चीवर बसला.

"मग आता यावर काय शिक्का मारणार?"

तोच तर प्रश्न होता. 'उतरवलेलं' मारला, तर अजून एक तार जाईल. किंवा तो म्हणेल की आता या व्हायोलिनचा उपयोगच नाही, आणि मग धाकटीचाही उरणार नाही. 'मूळ' मारला, तर पुस्तक निघेल, त्याचं नाव होईल, आणि पुढच्या रचना तशाच येत राहतील. निदान ती जिवंत आहे एवढं तरी कळत राहील. इतकी वर्षं थोरलीने एकाही प्रतीवर खोटा शिक्का मारला नव्हता. आता मारायला हात शिवशिवत होता.

"पोलिसांत जाऊ," नवरा म्हणाला.

"काय सांगणार? की या कागदावर वरचे स्वर नाहीत?"

आई दारात उभी होती. कधी आली कोण जाणे. "काय कुजबुजताय?"

"काही नाही, आई."

"धाकटीचं नाव ऐकलं मी." म्हातारी मग म्हणाली, "मला तिचा आवाज आठवत नाही गं हल्ली. आठवायला बसते, तर जावयाचाच ऐकू येतो." आणि ती आत निघून गेली.

बैठकीच्या दिवशी सकाळी थोरली शाळेत गेली नाही. सर बैठकीसाठी घराबाहेर असणार, एवढं नक्की होतं. ती आणि नवरा लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत गेले. सरांनी मागाहून घेतलेलं घर त्या गल्लीच्या टोकाला. वखारीतली करवत दिवसभर किंचाळायची. थोरली फाटकाशी थांबली.

"आवाज सहन होत नाहीत म्हणून जपतो ना तिला," ती म्हणाली. "आणि घर बघा कुठे घेतलंय."

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. खिडक्यांना दुधी काचा. नवऱ्याने खिशातून चष्म्याचा बारीक पेचकस काढला, कुलपाकडे बघितलं, आणि ओशाळून परत ठेवला. "याने फार तर तुझी नथ उघडेल."

तेवढ्यात करवत थांबली. कामगार लाकूड फिरवत असतील. त्या तेवढ्या शांततेत आतून गजाचा आवाज आला. जाड, खालचा, दोनच तारांचा. करवत पुन्हा सुरू झाली तसा तो बुडाला.

थोरली घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या बाजूला गेली. वर एक झडप उघडी होती, हातभर. तिने काचेवर टकटक केलं. "धाकटे! मी आहे."

काचेमागे एक सावली आली. मग आवाज आला, वापरात नसलेल्या नळातून पाणी यावं तसा.

"तुला सांगितलं होतं ना येऊ नकोस."

"हो, आणि मी शहाणी, ऐकलं तुझं!"

"तो दाराआड उभा होता, ताई. मी दुसरं काय बोलणार होते?"

थोरलीने कपाळ काचेला टेकवलं. करवत किंचाळत होती. दोघींना ओरडून बोलावं लागत होतं, लहानपणी भांडताना ओरडायच्या तसं.

"तू ओळखलंस ना?" धाकटीने विचारलं. "मला माहीत होतं तू ओळखशील. मी मुद्दामच वरच्या तारेवर उड्या घातल्या होत्या. म्हटलं, ताईच्या हातात जाणार आहे, तिला कळेल. तुला कळलं, पण तू त्यालाच सांगितलंस."

"मला वाटलं—"

"संध्याकाळी आला, व्हायोलिन हातात घेतलं. म्हणाला, 'तुझ्या ताईला ही तार खटकते.' रागावला नाही हं. तो कधीच रागावत नाही. पक्कडीने हळूच काढली."

थोरली शेवटी म्हणाली, "तिसऱ्यावर शिक्का मारायचा आहे. आत्ता बैठक आहे."

"मूळ मार. मार आणि जा. तो खूश असला की गज माझ्याकडे ठेवतो."

"आणि पुढचं? एकाच तारेवर वाजवशील?"

"होतं गं," धाकटी म्हणाली. "मी करून बघितलंय."

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जसं एखादी बाई सांगते की तेल नसलं तरी भाजी होते. त्या आवाजाने थोरलीचा निर्णय झाला. तिने पर्समधून शिक्का काढला, खिडकीच्या कट्ट्यावर प्रत ठेवली, आणि 'उतरवलेलं' असा शिक्का मारला. खाली पेनाने लिहिलं: मूळ वाद्य व्हायोलिन. पुढे धाकटीचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहिली, आणि त्यापुढे 'हिची रचना'.

"हे घेऊन शाळेत जा," तिने नवऱ्याला सांगितलं. "पियानोवाल्यांना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा. आणि म्हणावं, बाई त्यांच्या दारात बसल्यात."

"तो इकडेच येईल धावत."

"धावणार नाही तो. पण येऊ दे. एकटा येऊ देऊ नका, एवढंच."

"ताई, नको!" आतून काच वाजली. "ताई, तू त्याला ओळखत नाहीस!"

"तू ओळखतेस ना? मग झालं तर."

नवरा गेला. थोरली पुढच्या दाराच्या पायरीवर बसली. करवत थांबायची तेव्हा आतून दाराच्या पलीकडे कोणीतरी जमिनीला टेकून बसल्याचं कळायचं. ऊन पायरीवरून सरकत तिच्या गुडघ्यांवर आलं.

मग फाटक वाजलं. सर पुढे, त्यांच्यामागे धापा टाकत पियानोवाले, त्यांच्यामागे तिचा नवरा आणि शाळेतल्या दोघी शिक्षिका. सरांचा चेहरा नेहमीसारखाच होता. केससुद्धा नीट.

"ताई, बाहेर का बसलात? उन्हात? आधी कळवलं असतंत तर मी चहा करून ठेवला असता."

"कुलूप उघडा."

"उघडतो की. तिच्याच भल्यासाठी लावतो. मागे एकदा रस्त्यावर चालत गेली होती, वखारीच्या ट्रकखाली येता येता वाचली." हे त्यांनी थोरलीला नव्हे, मागच्या मंडळींना सांगितलं. शिक्षिकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने हळहळून मान हलवली. थोरलीला ती मान दिसली. हा माणूस अजूनही हे सगळं फिरवू शकतो. अजून दोन वाक्यं, आणि वेडी कोण ते ठरून जाईल.

"किल्ली," ती म्हणाली.

पियानोवाले आजवर कोणालाही मोठ्या आवाजात बोलले नव्हते. ते पुढे झाले. "सर, बाई किल्ली मागताहेत."

सरांनी खिशातून जुडगा काढला. किल्ली शोधायला त्यांनी फार वेळ घेतला. दार उघडलं तेव्हा धाकटी उंबऱ्याच्या आत उभी होती. थोरलीपेक्षा लहान, पण दिसायला आईएवढी. छातीशी व्हायोलिन. डोळे उन्हाने मिटलेले.

"चल," थोरली म्हणाली. "चपला घाल."

"नाहीत."

"म्हणजे?"

"चपला नाहीत मला."

वखारीतली करवत नेमकी तेव्हा थांबली होती. थोरलीने आपल्या चपला काढून उंबऱ्यापाशी ठेवल्या. धाकटीने आधी एक पाय घातला. मग सरांकडे बघितलं, परवानगी मागावी तसं, आणि दुसरा पाय तसाच अधांतरी राहिला.

"जा ना," सर मऊपणे म्हणाले. "माहेरी जायला मी कधी नाही म्हटलंय का?"

तिने दुसरा पाय घातला. थोरलीने तिच्या दंडाला धरलं. दंड हातात मावून वर बोटं उरली. फाटकापर्यंत जाताना दोन वेळा थांबावं लागलं. पियानोवाल्यांनी फाटक धरून ठेवलं होतं. नवरा रिक्षा बघायला पुढे गेला.

"आणि ताई," सरांनी पायरीवरूनच हाक मारली, "तिची पांढरी गोळी रोज संध्याकाळी द्यावी लागते. चुकवून चालत नाही."

थोरली वळली. "कसली गोळी?"

"बाटली माझ्याकडेच आहे," सर म्हणाले. "लागली की या न्यायला. संध्याकाळपर्यंत कळेलच तुम्हाला."

त्यांनी दार लोटून घेतलं. थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटीच्या ओठांवर घामाचे बारीक थेंब होते, आणि व्हायोलिनच्या दोन तारांवर दाबून धरलेली तिची बोटं आत्ताच थोडी थोडी कापायला लागली होती.

"ताई," ती म्हणाली, "पटकन चल. मीच ती गोळी मागायला परत वळायच्या आत."